जियेर

उर्फा शहरात पहाटे पाचला
बद्री उस्ताच्या गाडीवर धूर धरतो.
बुटकी स्टुलं, चिरलेला कांदा, पुदिना,
काळपट तिखटाची वाटी,
आणि सळईवर बोटाच्या पेराएवढे तुकडे,
मध्ये मध्ये चरबी.
इथली माणसं न्याहारीला काळीज खातात.

त्याला ती म्हणतात जियेर.
आपल्या जिगरचाच हा लांबचा भाऊ,
वाटेत कुठेतरी त्याचा ग घशात विरघळला.
काळा जियेर म्हणजे यकृत,
पांढरा जियेर म्हणजे फुप्फुस.
खाटकाच्या आकड्याला दोन्ही शेजारी टांगलेले असतात,
नाव ठेवणाऱ्यानं फक्त रंग पाहिला असावा.

आपला कोल्हा द्राक्षांवर रुसतो,
त्यांचं मांजर काळजावर.
उंच टांगलेलं दिसलं की म्हणतं, नापाक आहे ते.
बद्रीच्या गाडीखाली अशी तीन मांजरं.

बद्री सगळ्यांनाच म्हणायचा जियेरिम,
माझ्या काळजा.
चहा आणणाऱ्या पोराला, उधारी बुडवणाऱ्या टॅक्सीवाल्याला,
एकदा तर दंड करायला आलेल्या शिपायालासुद्धा.
फक्त सेझाईला नाही.
आईच्या बांगड्या विकून पोरगा मेर्सिनला पळाला
त्या दिवशी बद्री भर बाजारात म्हणाला,
याचं काळीज पाच पैशांचंही नाही.
तिकडे ही शिवी आहे, जुनी, घासून गुळगुळीत झालेली.
नऊ वर्षं ती दोघांच्या मध्ये पडून राहिली.

मग बद्रीचे डोळे पिवळे झाले.

मालात्याच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी
कागदावर चित्र काढून दाखवलं.
बद्री हसला. म्हणाला, बाई,
चाळीस वर्षं हेच कापतोय,
अंगठा लावला की कळतं जनावर काय चरलं होतं.
माझं बाहेर काढून हातात द्या,
मीच सांगतो कुठवर गेलंय.
बाई हसल्या नाहीत.

नेझाहत, त्याची लेक, तिचा रक्तगट जुळेना.
पुतण्याच्या यकृतावर चरबी निघाली
(रोज कुठे जेवायचास? काकाच्या गाडीवर).
चौथ्या दिवशी रात्रीच्या बसनं सेझाई आला,
दारातच उभा राहिला,
बाही वर करून.

जुळलं.

दोन खोल्या, मध्ये एक भिंत.
शुद्धीवर आल्यावर बद्रीनं नर्सला पहिलं विचारलं ते वजन.
सहाशे चाळीस ग्रॅम.
ओठ हलले. सवयीनं हिशेब झाला होता,
बत्तीस सळ्या.
मग तो भिंतीकडे तोंड करून
बराच वेळ पडून राहिला.

आपल्या लिपीत एक गंमत आहे.
काळीज लिहा.
ळ वरची वेलांटी उचलून
पुढच्या अक्षरावर ठेवा:
काळजी.
काही वाढत नाही, काही कमी होत नाही,
एकाची खूण दुसऱ्याच्या डोक्यावर जाते.
हे बद्रीला सांगता आलं असतं तर
तो म्हणाला असता, मला वाचता कुठे येतं.

राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा पुरतं यकृत वाढतं,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोघांतही.
बांगड्यांबद्दल कोणी काही म्हणालं नाही.
दोन महिन्यांनी सेझाई मेर्सिनला परत गेला,
बंदरातली नोकरी, रजा संपली होती.
बस स्थानकावर बद्रीनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं,
तोंड उघडलं,
आणि म्हणाला, खिडकीशी बस. पोटाला धक्का लागू देऊ नकोस.

आता पहाटे पुन्हा धूर धरतो.
गाडी नेझाहत चालवते, तो नुसता बसतो,
त्याला खायची बंदी आहे.
चहावाल्या पोराला तो आता अरे म्हणतो,
टॅक्सीवाल्याला त्याच्या नावानं हाक मारतो.
गिऱ्हाइकं म्हणतात, आजारानं उस्ता तुसडा झाला.

एक मांजर हल्ली त्याच्या मांडीवर येऊन बसतं.
तो त्याच्या तोंडासमोर सळई धरतो,
अगदी जवळ.